चिंचवडच्या स्थलवर्णनांचें परीक्षण

पिंपरी, चिंचवड आणि चाकण या पट्ट्यांत आज कारखान्यांची दाट वस्ती आहे. जुनीं गांवें तींत झांकून गेलीं आणि गांवची हकीकत तोंडीं सांगणारीं घरेंही विखुरलीं. अशा ठिकाणीं यात्रेकरूच्या हातीं पडणारी लहानशी स्थलपुस्तिका हाच गांवचा इतिहास होऊन बसतो. म्हणून तिची परीक्षा अवश्य आहे. येथें आम्ही चिंचवडपुरताच विचार करितों.

या पुस्तिकांचा एक गुण प्रथम सांगितला पाहिजे. मार्गशीर्ष वद्य षष्ठीचा समाधि-उत्सव, भाद्रपदांत व माघांत मोरगांवीं जाणारी पालखी, यांची माहिती त्यांत श्रद्धेनें जपलेली असते. दोष आढळतो तो कालनिर्णयांत.

पवनाकांठच्या मोरया गोसावी यांच्या समाधिमंदिरावर लेख आहे. मंदिराचा आरंभ शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध १२ रोजीं आणि समाप्ति विकारी संवत्सरीं आषाढ शुद्ध ४, सोमवारीं, असा त्याचा आशय १८८५ च्या पुणें जिल्हा गॅझेटियरांत दिला आहे. आम्हीं तो ताडून पाहिला. राज्याभिषेकाचें वर्ष शके १५९६, आनंद संवत्सर. तेथून १६ वर्षें मागें गेल्यास १५८० ला विलंबी व त्यापुढें विकारी हेंच नांव येतें. त्याच विकारी संवत्सरांत मार्गशीर्ष शुद्ध ७, गुरुवारीं अफजलखानाचा वध झाला. तेथून मागें मोजलें असतां आषाढ शुद्ध ४ ला सोमवारच पडतो. जुन्या गणनेप्रमाणें तो १३ जून १६५९ होय. संवत्सर, तिथि व वार जुळत असल्यामुळें हा लेख ग्राह्य मानण्यास हरकत नाहीं.

आतां समाधीचें वर्ष पुष्कळ ठिकाणीं १५६१ असें छापलेलें असतें. त्याबरोबरच मंदिर पुत्र चिंतामणि महाराज यांनीं बांधविलें असेंही मानावयाचें, तर पित्याच्या समाधीनंतर ९८ वर्षांनीं पुत्रानें बांधकाम पुरें केलें असें होईल. हीं दोन्ही विधानें शेजारीं ठेवणारास ही अडचण दिसूं नये, याचें नवल वाटतें. उलट, मंदिर १६५९ चें म्हणून समाधिही त्याच सुमाराची, हें अनुमानही तितकेंच कच्चें. लेख मंदिराचा आहे. समाधि त्यापूर्वींची, यापलीकडे तो कांहीं सांगत नाहीं.

एडवर्ड मूर १८०० सालीं चिंचवडास आला. त्याचें वर्णन १८०१ मध्यें एशियाटिक रिसर्चेसच्या सातव्या खंडांत निघालें. १८०९ मध्यें मारिया ग्रॅहम येऊन गेली. देवांच्या पिढ्यांविषयीं लोक त्या वेळीं काय सांगत, याचे हे उत्तम साक्षी आहेत. दीडदोनशें वर्षांपूर्वींच्या घटनांचे मात्र नव्हेत. लॉरेन्स प्रेस्टन यांनीं १९८९ च्या आपल्या ग्रंथांत देव घराणें व राजसत्ता यांचा संबंध कागदपत्रांवरून तपासला. पुस्तिकाकारांनीं अनुसरावा असा मार्ग हाच.

ज्यांच्या संग्रहीं चिंचवडसंबंधीं सनदा, महजर, पत्रें असतील, त्यांनीं त्यांच्या पूर्ण नकला मित्या न बदलतां प्रसिद्ध कराव्या. शिलालेखाचा ठसा घेऊन तो जसाचा तसा छापावा. आणि पुस्तिकेच्या पुढील आवृत्तींत परंपरेनें आलेली मिति, लेखांतील मिति व कागदांतील मिति वेगवेगळ्या दाखवाव्या, इतकीच आमची विनंति आहे.