सावत्र पित्याने घेतलेले दत्तक आणि जन्मदात्या पित्याची संमती : हिंदू दत्तक कायद्याची एक चिकित्सा

प्रस्तावना :

घटस्फोटित अथवा विधवा स्त्रीने पुनर्विवाह केल्यानंतर तिच्या पहिल्या विवाहातील अपत्याचे कायदेशीर स्थान कोणते, हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढे उभा आहे. मूल ज्याला दररोज 'बाबा' म्हणून हाक मारते आणि जो त्याच्या शिक्षणाचा व आजारपणाचा खर्च उचलतो, त्याच्याशी त्या मुलाचे कायद्याने पितृत्वाचे नाते नसते. उलट जन्मदाखल्यावर ज्याचे नाव आहे, त्याची मुलाशी वर्षानुवर्षे भेटही झालेली नसते. ही विसंगती दूर करण्यासाठी सावत्र पित्याने मुलाला दत्तक घेणे हा मार्ग सुचविला जातो. प्रस्तुत लेखात या मार्गाचा विचार हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ मधील कलम ९ व कलम १२ यांच्या संदर्भात केला आहे. दत्तकास संमती देण्याचा पित्याचा अधिकार आणि अपत्याच्या पोषणाचे त्याचे कर्तव्य यांचा परस्परसंबंध या अधिनियमाने चुकीच्या जागी तोडला आहे आणि चुकीच्या जागी जोडला आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पुनर्विवाहाने काय बदलते?

या संदर्भात एक गैरसमज सर्वत्र आढळतो. मातेने पुनर्विवाह केला की पहिल्या पतीची मुलाविषयीची जबाबदारी संपते, असे मानले जाते. वस्तुतः पुनर्विवाहाचा परिणाम होतो तो मातेच्या स्वतःच्या पोटगीवर. मुलाचा निर्वाहाचा हक्क स्वतंत्र आहे. १९५६ च्या अधिनियमाच्या कलम २० नुसार अज्ञान मूल आपल्या माता-पित्याकडून निर्वाहखर्च मागू शकते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ मध्ये हाच हक्क धर्मनिरपेक्ष स्वरूपात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ मध्ये आला आहे. सावत्र पिता या तरतुदींच्या कक्षेत येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ चे स्पष्टीकरण तर 'पिता' व 'माता' या शब्दांत सावत्र पिता व सावत्र माता यांचा समावेश होत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगते. म्हणजेच दत्तक होईपर्यंत जन्मदाता पिताच कायद्याने उत्तरदायी असतो. सावत्र पिता जे करतो ते स्वेच्छेने करतो.

पुनर्विवाहित मातेकडे संशयाने पाहण्याची परंपरा जुनी आहे. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह अधिनियमाने विवाहास मान्यता दिली. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ३ ने मृत पतीच्या आप्तांना मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी न्यायालयाकडे करण्याची मुभाही दिली. मूल हे पितृकुळाचे, ही धारणा त्यामागे होती. पुढील शतकातील कायद्यातही ती पूर्णतः नाहीशी झाली नाही.

कलम ९ : संमतीचा अधिकार

मूळ कलम ९ नुसार पिता हयात असताना मूल दत्तक देण्याचा अधिकार केवळ त्यालाच होता; मातेची फक्त संमती लागे. वैयक्तिक कायदे (सुधारणा) अधिनियम, २०१० ने माता व पिता यांना समान अधिकार दिला. ही सुधारणा महत्त्वाची आहे. परंतु तिच्यासोबत आलेले परंतुक असे की, एकाने हा अधिकार दुसऱ्याच्या संमतीविना वापरता कामा नये. याला अपवाद तीनच : दुसऱ्याने पूर्णतः व अंतिमतः संसारत्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, अथवा सक्षम न्यायालयाने त्याला मनोविकल घोषित केले असेल.

या अपवादांची यादी काळजीपूर्वक वाचली असता कायद्याची दृष्टी लक्षात येते. धर्मांतर केलेल्या पित्याची संमती लागत नाही, मग तो दरमहा नियमाने खर्च पाठवीत असला तरी. मात्र मुलाला सोडून गेलेल्या आणि न्यायालयाच्या आदेशानंतरही एक रुपया न दिलेल्या पित्याची संमती लागते. येथे पित्याचे मुलाशी असलेले वर्तन गौण ठरले असून त्याचा धर्म व आश्रम निर्णायक ठरले आहेत.

मुलाला सोडून देणे ही कल्पना या अधिनियमाला अपरिचित आहे, असेही नाही. त्याच कलमाच्या पोटकलम (४) मध्ये, माता व पिता या दोघांनीही मुलास टाकून दिले असल्यास पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने मूल दत्तक देता येते. म्हणजे दोघांनी टाकले तर कायदा त्याची दखल घेतो. एकट्या पित्याने टाकले आणि मातेने सांभाळले, तर दखल घेत नाही. मुलाला सांभाळणाऱ्या मातेची स्थिती येथे त्रयस्थ पालकापेक्षाही दुर्बल होते.

कलम १२ : संमतीचा परिणाम

दत्तकाच्या दिनांकापासून मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले सर्व संबंध तुटतात, असे कलम १२ सांगते. विवाहाविषयीचे निषेध आणि दत्तकापूर्वी मुलाकडे निहित झालेली मालमत्ता एवढेच मागे उरते. एकत्र कुटुंबातील अविभाजित हिस्सा 'निहित' मानावा काय, याबाबत उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात तसे मानण्यास नकार दिला, तर आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्यापूर्वी विरुद्ध मत दिले होते. महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबातील मुलाच्या दृष्टीने हा मतभेद किरकोळ नाही. दत्तकपत्रावरील एका सहीने वडिलोपार्जित जमिनीवरील त्याचा दावा संपुष्टात येऊ शकतो.

निर्वाहाचा भावी हक्कही याच सहीने संपतो. त्यामुळे पोटगी देण्यास अनिच्छुक असलेल्या पित्याला संमती देण्यात उघड आर्थिक लाभ असतो. 'थकबाकी सोडून द्या, मी सही करतो' असा सौदा अशा परिस्थितीत सहज संभवतो. दत्तकाच्या मोबदल्यात धन वा अन्य बक्षीस घेण्यास कलम १७ ने मनाई केली आहे. थकलेल्या पोटगीवर पाणी सोडणे हे 'बक्षीस' ठरते काय, याचा विचार अधिनियमात स्वतंत्रपणे केलेला नाही. कलम १२ चा परिणाम दत्तकाच्या दिनांकापासून होत असल्याने त्यापूर्वीची थकबाकी आपोआप नष्ट होत नाही, असाच अर्थ शब्दशः निघतो. तथापि ती वसूल करण्यासाठी वॉरंट हवे असल्यास रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

या सर्व व्यवहारावर देखरेख कोणाची? पालकाने मूल दत्तक देताना न्यायालय मुलाचे हित, त्याची इच्छा व मोबदल्याचा अभाव तपासते. माता-पित्याने देताना अशी कोणतीही तपासणी नाही. नोंदणीकृत दत्तकपत्र पुरेसे असते आणि कलम १६ नुसार दत्तक वैध असल्याचे गृहीत धरले जाते. माता-पिता मुलाचे अहित करणार नाहीत, हे यामागील गृहीतक होय. सावत्र दत्तकात पित्याचा स्वार्थ आणि मुलाचे हित परस्परविरोधी असू शकतात, म्हणून हे गृहीतक तेथे टिकत नाही.

मुळात हा अधिनियम अशा दत्तकासाठी घडविलेलाच नाही. सावत्र पित्याला आधीचा मुलगा असल्यास त्याला सावत्र मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलगी दत्तक घ्यायची असल्यास दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. कलम १४ नुसार दत्तक घेणाऱ्याची पत्नी 'दत्तक माता' समजली जाते. म्हणजे जन्मदात्री माता स्वतःच्याच मुलाची दत्तक माता ठरते.

न्यायनिर्णय व अन्य कायदे :

सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२२ च्या निर्णयात, पित्याच्या मृत्यूनंतर माता ही एकमेव नैसर्गिक पालक असल्याने मुलाचे आडनाव ठरविण्याचा व त्याला दत्तक देण्याचा तिचा अधिकार मान्य केला. कागदपत्रांत सावत्र पित्याची नोंद 'सावत्र' अशी करण्याच्या उच्च न्यायालयाच्या निर्देशावर त्यात कठोर टीका आहे. हा निर्णय स्वागतार्ह असला तरी तेथे पिता हयात नव्हता. हयात परंतु उदासीन पित्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चा मार्ग धर्मनिरपेक्ष आहे. त्यात मुलाची इच्छा विचारात घेतली जाते आणि १ सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हादंडाधिकारी देतात. दत्तक विनियम, २०२२ सावत्र पालकांना वयाच्या अटींतून सूट देतात. तथापि मूळ अधिनियमाच्या कलम २(५२) मधील 'नातेवाईक' या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा असून सावत्र पालक नाही. अधिनियमात नसलेले नाते विनियमांनी आत आणावे, ही रचना समाधानकारक नाही.

इंग्लंडच्या २००२ च्या कायद्यानुसार मुलाच्या हितासाठी आवश्यक असल्यास न्यायालय संमती अनावश्यक ठरवू शकते आणि मातेचे मातृत्व अबाधित राहते. कॅलिफोर्नियात, एका पालकाकडे मुलाचा ताबा असताना दुसऱ्याने क्षमता असूनही एक वर्ष जाणूनबुजून संपर्क ठेवला नाही व खर्चही दिला नाही, तर त्याला समन्स बजावून त्याच्या संमतीविना दत्तक होऊ शकते. येथे अधिकाराचा निकष वर्तन हा आहे.

पित्याची बाजू :

प्रत्येक थकबाकीदार पिता मुलाला टाकून देणारा नसतो, हेही ध्यानात घेणे आवश्यक आहे. दुष्काळ, बेरोजगारी वा आजारपण यांमुळे खर्च थांबू शकतो. भेट नाकारल्याने संपर्क तुटू शकतो. अशा पित्याचे नाते त्याला न विचारता संपविणे हा अन्यायच होईल. म्हणून केवळ न दिलेली रक्कम हा निकष पुरेसा नाही. क्षमता असूनही केलेली दीर्घ उपेक्षा हा निकष असावा आणि ती सिद्ध करण्यापूर्वी पित्याला नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.

समारोप :

वरील विवेचनावरून तीन सुधारणा आवश्यक वाटतात. पहिली, कलम ९ च्या परंतुकात क्षमता असूनही केलेल्या दीर्घ उपेक्षेचा चौथा अपवाद समाविष्ट करावा. दुसरी, सावत्र पित्याचे प्रत्येक दत्तक न्यायालयीन तपासणीस अधीन असावे व त्यात मुलाची इच्छा विचारावी. तिसरी, दत्तकापूर्वीच्या निर्वाहाची थकबाकी आणि जन्मकुटुंबातील मालमत्तेतील मुलाचा हिस्सा आदेशात स्पष्ट नोंदवावा, जेणेकरून संमतीच्या मोबदल्यात त्यांचा सौदा होणार नाही. थकलेली रक्कम मुलाची आहे. ती सोडून देण्याचा अधिकार ना जन्मदात्या पित्याला आहे, ना मातेला, ना नव्या पित्याला.