१८४३ चा नाताळ आणि जालना : इंग्रजी सण-सुट्ट्यांच्या अध्यापनाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

पदवी स्तरावर इंग्रजी साहित्य शिकविताना एखाद्या सणाचा उल्लेख आला की त्याची बोळवण बहुधा 'सांस्कृतिक पार्श्वभूमी' या सदराखालील एका परिच्छेदात केली जाते. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्माचा उत्सव, सजविलेले झाड, भेटवस्तू, बर्फ आणि मेजवानी, ऑक्टोबरअखेरीस हॅलोवीन, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील कृतज्ञतादिन. विद्यार्थी ही माहिती पाठ करतो व परीक्षेत टीप लिहितो. या पद्धतीत सण ही एक स्थिर, निर्विवाद वस्तू ठरते आणि 'इंग्रजीभाषक देश' हा एकजिनसी समाज ठरतो. या दोन्ही गृहीतकांची तपासणी करणे आणि जालना जिल्ह्याच्या इतिहासाचा त्या तपासणीस कसा उपयोग होतो हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीभाषकांमधील मतभेद

नाताळ हा इंग्रजीभाषकांचा सर्वसंमत सण होता, हे विधान इतिहासात टिकत नाही. स्कॉटलंडमधील धर्मसुधारकांनी १५६० मध्येच या सणाला शास्त्राधार नसल्याचे सांगून तो नाकारला आणि १६४० मध्ये तेथील संसदेने नाताळची सुट्टी रद्द केली. इंग्लंडमध्ये प्युरिटनांच्या प्राबल्याच्या काळात, १६४७ मध्ये, संसदेने हा सण बंद केला. राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर १६६० मध्ये तो परतला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये नववर्षाचा सणच मुख्य राहिला आणि नाताळ ही सार्वजनिक सुट्टी व्हायला १९५८ हे साल उजाडावे लागले.

आज 'परंपरागत इंग्रजी नाताळ' म्हणून जे चित्र दाखविले जाते, त्याचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकात घडला. सजविलेले झाड जर्मन प्रथेतून आले आणि १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आल्यावर ते मध्यमवर्गात रूढ झाले. ऑस्ट्रेलियात तर हा सण भर उन्हाळ्यात येतो. तेव्हा बर्फ हा नाताळचा आवश्यक घटक मानणे भूगोलाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

१८४३ : तीन घटना

या संदर्भात १८४३ हे साल विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी १९ डिसेंबरला लंडनमध्ये चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही कथा प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून 'फ्री चर्च' स्थापन झाले. आणि त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती याच्या शुद्धीकरणाचा वाद आणि त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी घेतलेली भूमिका मराठी वाचकांस परिचित आहे.

पुढे नारायण शेषाद्रींनी जालना ही आपली कर्मभूमी केली. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' ही वसाहत उभारली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील अनेक कुटुंबे तेथे वसली. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या प्रॉटेस्टंट परिषदेत शेषाद्री उपस्थित होते, म्हणजे जालन्याचा माणूस त्या काळी थेट अमेरिकेत जाऊन बोलत होता. परंतु ते ज्या चर्चचे अनुयायी होते, त्या चर्चच्या परंपरेत २५ डिसेंबरला सणाचे स्थान नव्हते. डिकन्सचा नाताळ आणि शेषाद्रींच्या चर्चची शिस्त ही दोन्ही एकाच भाषेची, एकाच काळातील. तरी एकमेकांपासून दूर.

आज मराठवाड्यातील ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या व शंकरपाळे होतात, मराठीत भजने होतात. इंग्रज आले, त्यांनी सण आणला व येथील लोकांनी तो उचलला, हे सोपे समीकरण म्हणूनच अपुरे ठरते. 'नाताळ' हा शब्दच मुळी इंग्रजीतून आलेला नाही. तो पोर्तुगीजांकडून आला. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत विस्ताराने सांगणारे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. त्याचे कर्ते फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज होते. मात्र ते कॅथलिक जेझुइट असून १५७९ मध्ये गोव्यास आले होते. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत कीर्तनाला स्थान दिले आणि त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. मराठी नाताळला स्वतःची वाङ्मयीन परंपरा आहे आणि ती इंग्रजी शिक्षणाहून जुनी आहे.

सण की सुट्टी : डिकन्सचे पुनर्वाचन

'अ ख्रिसमस कॅरल' या कथेची चर्चा बहुधा कृपण स्क्रूजच्या हृदयपरिवर्तनापाशी संपते. कथेतील सुट्टीचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवितो. नाताळच्या एका दिवसाची पगारी सुट्टी देताना स्क्रूज ती आपली लूट समजतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक लवकर हजर होण्यास बजावतो. २६ डिसेंबरला सकाळी बॉबला साडेअठरा मिनिटे उशीर होतो. हा तपशील विनोदी वाटतो. पण इंग्लंडमध्ये २६ डिसेंबरची सुट्टी १८७१ च्या कायद्याने मिळाली, हे लक्षात घेतले की त्यातील अर्थ उलगडतो. १८४३ मध्ये विश्रांती हा कारकुनाचा हक्क नव्हता, ती मालकाची मर्जी होती. त्या वर्षी ब्रिटनमधील बालकामगारांच्या स्थितीवरील सरकारी अहवालाने डिकन्स अस्वस्थ झाला होता. दुसऱ्या भुताच्या झग्याखालून बाहेर येणारी 'अज्ञान' व 'अभाव' ही दोन मुले त्या अस्वस्थतेची साक्ष देतात.

अर्थात येथे डिकन्सची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो प्रश्न अचूक मांडतो, पण उत्तर मालकाच्या औदार्यात शोधतो. बॉबची पगारवाढ ही स्क्रूजची कृपा राहते. मराठी अभ्यासकास येथे नारायण मेघाजी लोखंडे आठवावेत. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळविली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागील एक कारण होते. ख्रिस्ती रविवारास मराठी कामगाराने दिलेला हा अर्थ अभ्यासण्याजोगा आहे. जालन्यातील लोखंड कारखान्यांचे कामगार आणि ऐन दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारी ऊसतोड कुटुंबे यांची मुले ज्या वर्गात बसतात, तेथे हा दुवा सहज समजेल. सण कोणाच्या वाट्याला येतो आणि कोणाच्या येत नाही, हे त्या मुलांना पुस्तकाबाहेर शिकावे लागलेले असते.

एक आक्षेप

पदवीच्या तासिकांत एवढा इतिहास सांगण्यास वेळ कोठून आणावा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु झाड, भेटवस्तू व मेजवानी यांची यादी सांगण्यासही वेळ जातोच. त्या वेळात २६ डिसेंबरची सकाळ आणि बेथेलची वसाहत या दोनच गोष्टी सांगितल्या, तरी संहितेची उकल अधिक होते.

निष्कर्ष

१) इंग्रजीभाषक देशांतील सण हे वादातून, कायद्यातून व स्थलांतरातून घडले आहेत, ते एकसंध परंपरा म्हणून शिकविणे अनैतिहासिक आहे.
२) मराठी ख्रिस्ती परंपरेचा उल्लेख टाळून नाताळ शिकविल्यास, तो सण घरी साजरा करणारा येथील विद्यार्थी स्वतःच्याच वर्गात परका ठरतो.
३) सणाच्या वर्णनापेक्षा सुट्टीच्या हक्काचा प्रश्न साहित्यसमीक्षेस अधिक फलदायी आहे, 'अ ख्रिसमस कॅरल' आणि लोखंड्यांचे कार्य यांचे तौलनिक वाचन त्यासाठी उपयुक्त ठरेल.

जालन्याच्या प्राध्यापकास या अभ्यासासाठी लंडनला जाण्याची गरज नाही. त्याचा आरंभ बेथेलपासून करता येतो.