अस्पष्टतेचे मोल : आर्. ई. एम्. यांची आरंभीची वाटचाल

जॉर्जिया राज्यातील अथेन्स या अमेरिकन विद्यापीठनगरीत १९८० साली आर्. ई. एम्. हा चौघांचा रॉक वाद्यवृंद स्थापन झाला. त्याच्या आरंभीच्या गाण्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : गायक मायकेल स्टाइप याचे शब्द कळत नाहीत. आक्षेप खोटा नाही. परंतु तो दोषारोप ठरतो काय, हे तपासावयास हवे.

मराठी नवकाव्याविषयीचा दुर्बोधतेचा वाद अभ्यासकांना परिचित आहे. तेथे शब्द स्पष्ट असून अर्थ निसटतो; येथे शब्दच पुरता कानी येत नाही. 'मर्मर' (१९८३) या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत आवाज वाद्यांच्या पुढे उभा नसून त्यांत मिसळलेला आहे. पीटर बक गिटारवर स्वरसंघातातील स्वर एकेक सुटे छेडतो. माइक मिल्सचे बेस गिटार नुसता आधार न देता स्वतःची सुरावट गाते. बिल बेरीचे तालवादन आटोपशीर आहे. या तिहींच्या जोडीला स्टाइपचा कंठ चौथे वाद्य होतो. गीतांचे श्रेयही चौघांच्या नावे समानच असे.

ही अस्पष्टता अनवधानाची नव्हे. 'मर्मर'पूर्वी आय्. आर्. एस्. कंपनीने त्यांना स्टीफन हेग या निर्मात्याकडे धाडले. त्याने पुनःपुन्हा वाजवून घेतले, वर एका गाण्यावर कळफलकवाद्यांचा थर चढविला. वृंदाने ते नाकारले आणि मिच ईस्टरकडे परतण्याची मुभा मिळविली. ईस्टर व डॉन डिक्सन यांनी 'मर्मर' सिद्ध केली. अशा वृंदांना लावले जाणारे 'स्वतंत्र' हे विशेषण कंपनीच्या लहानपणापेक्षा या नकाराने अधिक सार्थ होते.

तथापि यात बाजाराविषयीचे वैराग्य पाहणे भाबडेपणाचे होईल. १९८१ साली 'रेडिओ फ्री यूरोप'च्या पहिल्या केवळ १००० प्रती निघाल्या. पुढे महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे आणि लहान सभागृहांतील अखंड दौरे यांवर श्रोतृवर्ग जमत गेला. अर्धवट ऐकू आलेला शब्द श्रोत्याला पुन्हा तबकडीकडे नेतो. कलातत्त्व आणि व्यवसाय यांचा येथे सांधा जुळला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

१९८६ साली निर्माता डॉन गेहमन याने आवाज पुढे आणला. उच्चार स्पष्ट झाले, आशयाला धार आली. श्रोत्याचा वाटा मात्र आकसला. वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या कंपनीकडे गेल्यावर निघालेल्या 'ग्रीन'च्या (१९८८) वेष्टनावर प्रथमच गीताचे शब्द छापले गेले. पण तेही एकाच गीताचे. बाकीची सारी श्रोत्याच्या कानावरच सोपविलेली होती.