मागच्या बाजूचा फोटो

मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी हेम्पच्या जाड्या दोरांना हाताने गाठी मारत माणसाहून उंच शिल्पं उभी करायच्या. माग नाही की आधी काढलेलं रेखाटन नाही. १९७०च्या दशकात त्यांनी हे काम सुरू केलं आणि याला शिल्प म्हणावं की हस्तकला, यावर आपलं कलाजगत बराच काळ अडून राहिलं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन भरलं ते २०१५मध्ये, आणि ते उघडल्यावर आठवड्याभरातच त्या गेल्या. न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयरमधलं प्रदर्शन २०१९चं. तिकडे मुंबईत मोनिका कोरिया विणता विणता मागाची फणी काढून घ्यायच्या, म्हणजे ताण्याचे धागे सरळ रेष सोडून हवे तसे वळत जायचे. आज संग्रहालयं हे काम मानाने मांडतात. पण त्या पिढीतल्या, धाग्याने काही वेगळं करू पाहणाऱ्या, कलाशाळेची पायरीही न चढलेल्या बाईला सोबत कुठे मिळणार होती?

ती सोबत आता मिळाली आहे, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांत धाग्याच्या या कलेत झालेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. २००७मध्ये अमेरिकेत रॅव्हलरी हे संकेतस्थळ सुरू झालं. विणणाऱ्यांनी आपले नमुने, लोकर, सुया आणि चुका एका जागी नोंदवायला सुरुवात केली. मग फेसबुकचे गट आले, इन्स्टाग्राम आलं, व्हॉट्सॲप आलं. चिपळूणची एखादी मुलगी रात्री अकरा वाजता क्रोशाच्या अर्धवट रुमालाचा फोटो टाकते. कडा लाटेसारख्या का होताहेत, ते तिला कळत नसतं. दहा मिनिटांत नाशिकहून उत्तर येतं : चौथ्या फेरीत खांबाचे टाके जास्त पडलेत, तिथपर्यंत उसव. मग डॅलसहून एक मराठी बाई मुक्या खांबाचा टाका कुठे घालायचा ते कागदावर काढून पाठवते. या तिघी एकमेकींना कधी भेटलेल्या नसतात. एरवी हे ज्ञान आईकडून किंवा शेजारच्या काकूंकडून मिळायचं, आणि त्या नसल्या तर मिळायचंच नाही.

अशा गटांची ताकद पाहायची असेल तर चेन्नई आठवावी. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ हा फेसबुकवर जमलेला बायकांचा गट. घरोघरी विणलेले चौकोन त्यांनी एकत्र जोडले आणि ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण जमिनीवर अंथरलं. गिनेसने जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं पांघरूण म्हणून त्याची नोंद केली. विक्रमाचं मला फारसं अप्रूप नाही. पण अनेक शहरांतल्या, वेगवेगळ्या हाताच्या, सैल आणि घट्ट विणणाऱ्या बायकांचे चौकोन एकाच मापात बसवणं ही मोठी कारागिरी आहे, आणि तिच्याविषयी फार कमी लिहिलं गेलं.

माझी तक्रार इथेच सुरू होते. या गटांत प्रेम उदंड आहे, पण समीक्षा जवळजवळ नाही. ‘अप्रतिम’, ‘सुरेख’, ‘नमुना द्याल का?’ याच्यापुढे संवाद जात नाही. नवशिकीला धीर हवा, हे मान्य. पण वीस वर्षं विणणाऱ्या बाईलाही तेच तीन शब्द मिळतात, तेव्हा तिची वाढ थांबते. पूर्वी रुखवतात मांडलेला टेबलक्लॉथ पाहणाऱ्या जाणत्या बायका आधी त्याचं टोक उलटून बघायच्या. मागे गाठी किती, धागा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लांब ओढलाय का, शेवट कुठे लपवलाय, हे पाहिल्यावरच त्यांचं मत ठरायचं. फोटोत फक्त पुढची बाजू येते. त्यामुळे पुढून नजरेत भरणारं, दाट रंगांचं, चटकन ओळखू येणारं काम वाढलं. शांत पोत, एकाच रंगातली वीण, हाताला लागणारी घोंगडीची खरखर हे सगळं पडद्यावर मरतं, म्हणून केलंही कमी जातं. दख्खनी मेंढीची लोकर आपल्या अंगणातली, पण पुण्या-मुंबईचे गट बोलतात ते बाहेरून आलेल्या मऊ मेरिनोबद्दल.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : या सोबतीत कोण नाही? उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कावंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यांतले बरेच पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले, आणि त्यांची बोली कोकणीच्या घरातली. आपल्या गोधडीसारखाच धावदोरा, पण त्या सुरुवात कडेपासून करतात. तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची, शिवत पुढे जायचं आणि फिरत फिरत मध्यापर्यंत पोचायचं. चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कावंदी त्यांना उघडी वाटते. हेन्री ड्र्यूअल या अभ्यासकाने तिच्यावर लिहिलं, प्रदर्शनं भरवली, आणि आज अमेरिकेत, युरोपात ‘कावंदी’च्या कार्यशाळा पडद्यावर चालतात. काही शिकवणाऱ्या सिद्दींचं नाव आदराने घेतात. बऱ्याच ठिकाणी मात्र कावंदी म्हणजे एक सोपी, आरामाची पद्धत एवढंच उरतं. फुलं ‘ऐच्छिक’ होतात. ज्या बाईची ती विद्या आहे, ती त्या गटात नसते, म्हणून तिला कोणी विचारतही नाही.

हे बदलता येतं, याचं उदाहरण क्रोशातच आहे. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५मध्ये क्रोशाचं प्रवाळ-बेट विणायला घेतलं. त्याचा वळीदार आकार ज्यातून आला ती हायपरबोलिक भूमितीची वीण १९९७मध्ये डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी शोधली होती, आणि बहिणी हे श्रेय दर वेळी देतात. गावोगावच्या बेटांत विणणाऱ्यांची नावंही भिंतीवर लागतात. कला म्हणून त्या बेटातला काही भाग मला भडक वाटतो, पण ही शिस्त मला मोलाची वाटते.

आणि पैसा. खऱ्या क्रोशाचं काम आजही कारखान्यातल्या यंत्रांना जमत नाही, म्हणजे मॉलमधला खऱ्या क्रोशाचा प्रत्येक टॉप कुणीतरी हाताने विणलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस नेली. तिथल्या बायकांवर मारिया मीस यांचं पुस्तक १९८२मध्ये आलं. जगाच्या बाजारासाठी दिवसभर विणणाऱ्या या बायका ‘फावल्या वेळात’ काम करणाऱ्या गृहिणी म्हणवल्या जात होत्या, घराघरांत एकट्या बसत होत्या, आणि म्हणूनच मजुरी वाढत नव्हती, असं मीस यांनी दाखवून दिलं. आपले गट एकटेपणा मोडण्यातच पटाईत आहेत. मॉलमधल्या त्या टॉपची एक बाही विणायला किती तास लागतात, हे त्यांतली कोणीही नुसतं पाहून सांगेल. किमतीच्या चिठ्ठीशेजारी तो आकडा लिहिलेला मात्र मी अजून कुठल्याच गटात वाचलेला नाही.