बिऱ्हाडाचे ओझे

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो, ते बहुधा कीव करून. ज्याला ठावठिकाणा नाही, ज्याची चूल आज येथे तर उद्या तेथे, त्याच्यासाठी ही म्हण आहे. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकात असा काळ आला की, खाऊनपिऊन सुखी असलेली माणसे हौसेने बिऱ्हाड पाठीवर घेऊ लागली. मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावयाच्या घराला तेथे 'ट्रेलर' म्हणतात. त्यात बिछाना असतो, स्वयंपाकाची जागा असते, न्हाणीघरही असते. कुटुंबेच्या कुटुंबे त्यात महिनोन् महिने राहून देश पालथा घालतात. अशा प्रवासावरील एका जुन्या चित्रपटाचा आम्हांला येथे गंभीरपणे विचार करावयाचा आहे. 'गंभीरपणे' असे मुद्दाम म्हणण्याचे कारण, तो चित्रपट विनोदी आहे आणि विनोदी आहे म्हणूनच समीक्षकांनी त्याची फारशी वास्तपुस्त केलेली नाही.

हा चित्रपट म्हणजे १९५४ मधील 'द लाँग, लाँग ट्रेलर'. क्लिंटन ट्विस यांच्या १९५१ सालच्या पुस्तकावरून तो बेतला आणि व्हिन्सेंट मिनेली यांनी दिग्दर्शित केला. ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ ही त्या काळी प्रत्यक्षातही पतिपत्नी असलेली जोडी त्यातील टेसी आणि निकी यांच्या भूमिकांत आहे. निकी अभियंता आहे. कामासाठी त्याला गावोगाव हिंडावे लागणार, मग एका जागी घर घेऊन काय उपयोग? त्यापेक्षा घरच बरोबर न्यावे, अशी टेसीची कल्पना. लग्न होते, ट्रेलर येतो आणि नव्या संसाराची वाटचाल अक्षरशः रस्त्यावर सुरू होते.

पुढे जे घडते ते हसवणारे आहे खरे. ट्रेलर एवढा अवजड की, तो ओढण्यासाठी नवी, दणकट मोटार घ्यावी लागते. ती घेतली तर जोडणीचा आकडा हवा, निराळे ब्रेक हवेत. घराचा खर्च वाचवण्यासाठी घेतलेले घर पहिल्या दिवसापासून खिसा रिकामा करू लागते. ट्रेलरतळावरील पहिल्या रात्री मदतीच्या उत्साहाने शेजारीपाजारी नवदांपत्याच्या घरात घुसतात आणि त्यांना एकांत म्हणून मिळू देत नाहीत. दुसऱ्या रात्री एकांतासाठी रानात शिरावे, तर ट्रेलर चिखलात रुततो, कलतो आणि टेसी दारातून थेट चिखलात पडते. नातेवाइकांच्या अंगणात ट्रेलर मागे घेताना निकी त्यांच्या गुलाबांची नासाडी करतो. धावत्या ट्रेलरमध्ये स्वयंपाक करण्याचा टेसीचा हट्ट तर सारे जेवण तिच्या अंगावर आणि भिंतींवर सांडूनच संपतो.

या प्रसंगांकडे केवळ गमती म्हणून पाहणारा प्रेक्षक चित्रपटाचा गाभा चुकवतो असे आम्हांस वाटते. प्रत्येक प्रसंग एकच गोष्ट निराळ्या अंगाने सांगतो. स्थिर घरात जे झाकलेले राहते, ते चालत्या घरात उघडे पडते. जमिनीवरच्या घरात कपाट किती जड आहे याचा विचार कोणी करीत नाही. चाकांवरच्या घरात मात्र प्रत्येक वस्तूला वजन असते आणि ते वजन कोणाला तरी ओढावे लागते. म्हणून 'हे कशाला हवे?' हा प्रश्न तेथे रोज उठतो. आणि हा प्रश्न वरवर वस्तूविषयी असला, तरी खरे पाहता तो वस्तू जपणाऱ्या माणसाविषयीच असतो.

चित्रपटाचा कळस याच प्रश्नावर उभा आहे. मुक्काम केलेल्या ठिकाणांची आठवण म्हणून टेसी दगड गोळा करते. शिवाय स्वतः मुरवलेल्या फळांच्या बरण्या भरून ठेवते. पुढे उंच डोंगरातील अरुंद, वळणावळणाचा रस्ता चढावयाचा असतो. ओझे कमी केले नाही तर जिवावर बेतेल, म्हणून निकी ते दगड टाकून देण्यास सांगतो. टेसी ते टाकत नाही. ट्रेलरमध्ये जागा मिळेल तेथे लपवते. दरीच्या काठाने गाडी चढत असता दोघेही भीती लपवण्यासाठी भलत्याच विषयावर बोलत राहतात. दांपत्यजीवनाचे इतके अचूक चित्र आम्ही विनोदी चित्रपटांत क्वचितच पाहिले आहे. दोघांनाही धोका कळतो. त्याबद्दल बोलत मात्र कोणीच नाही.

येथे उत्पत्तीच्या पुस्तकातील राहेल आठवल्याशिवाय राहत नाही. याकोबाचे सारे बिऱ्हाड लाबानाकडून निघाले, तेव्हा राहेलने बापाच्या कुलदेवतांच्या मूर्ती नवऱ्याला न कळवता बरोबर घेतल्या, उंटाच्या खोगिरात लपवल्या आणि शोधाशोध सुरू होताच ती त्यांवर बसून राहिली. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत त्या कथेतील चोरी आणि मूर्तिपूजा यांची चर्चा पुष्कळ झाली. आपले घर कायमचे सोडून निघालेल्या बाईला बरोबर काय न्यावेसे वाटले असेल, हा प्रश्न मात्र आम्हांला फार उशिरा सुचला. टेसीचे दगड आणि राहेलच्या मूर्ती यांत पूज्यभावाचे साम्य नाही, परंतु लपवण्यामागील कासाविशी एकच आहे. जे मागून मिळणार नाही याची खात्री असते, तेच माणूस लपवते.

डोंगरमाथ्यावर निकीला दगड सापडतात. संतापाच्या भरात तो ते दरीत भिरकावून देतो आणि टेसी त्याला सोडून जाते. शेवटी पावसात दोघांचा समेट होतो. आमचा आक्षेप या समेटाला नाही, त्याच्या स्वस्तपणाला आहे. निकीचे म्हणणे व्यवहाराने बरोबर होते. तेवढ्या वजनाने दोघांचाही जीव जाऊ शकला असता. तथापि त्याची चूक अशी की, दगड म्हणजे टेसीच्या लेखी काय, हे त्याने एकदाही विचारले नाही. आणि टेसीची चूक अशी की, तिने ते सांगितलेही नाही. क्षमेच्या घटकेला तरी ही गोष्ट बोलली जावयास हवी होती. पटकथेने ती टाळली. हशा संपल्यावर प्रेक्षक समाधानाने घरी जातो, पण दगड दरीतच राहतात.

या उणिवेची जाणीव दुसऱ्या एका कलाकृतीशेजारी अधिक तीव्र होते. जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे ट्रेलर नाही आणि हौसही नाही. जमीन गमावलेले ओक्लाहोमातील जोड कुटुंब एका जुन्या हडसन मोटारीचा ट्रक करून कॅलिफोर्नियाची वाट धरते. जुना धर्मोपदेशक केसी धरून ट्रकवर १३ माणसे. निघण्यापूर्वी कुटुंबातील आई एकटीच आपली जुनी पेटी उघडते, दोनचार लहान दागिने काढून घेते आणि पत्रे, कात्रणे, छायाचित्रे यांसह पेटी निखाऱ्यांवर ठेवते. तिला कोणी सांगितलेले नाही. ती लपवतही नाही. ट्रकवर माणसांनाच जागा अपुरी आहे हे तिला ठाऊक असते. स्टाइनबेक त्या प्रसंगी एकही अश्रू दाखवत नाहीत, आणि म्हणूनच तो प्रसंग विसरता येत नाही.

तिसरी कलाकृती आपल्या काळातील आहे. जेसिका ब्रूडर यांचे 'नोमॅडलँड' हे वार्तांकनपर पुस्तक २०१७ मध्ये आले. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर घराचा खर्च झेपेना म्हणून व्हॅनमध्ये वा लहान ट्रेलरमध्ये राहून हंगामी कामामागे फिरणाऱ्या, बहुतांशी वयस्क माणसांची ती हकीकत आहे. त्यावरून क्लोई झाओ यांनी २०२० मध्ये चित्रपट केला. पुस्तकातील श्रमांचा जाच चित्रपटात बराच सौम्य झाला आहे, हा दोष मान्य करावा लागेल. पण फर्न या विधवा नायिकेची एक रेषा झाओ यांनी अचूक धरली आहे. वडिलांनी दिलेल्या बशा ती व्हॅनमध्ये जपते. मदत करू पाहणाऱ्या एका स्नेह्याच्या हातून त्या फुटतात. ती चिडते, मग तुकडे जोडीत बसते. अखेरीस, बंद पडलेल्या आपल्या गावी परतून, भाड्याच्या कोठीत ठेवलेले संसाराचे सामान ती देऊन टाकते. कोणी हिसकावलेले नसते. तिची वेळ झालेली असते, एवढेच.

तिन्ही कलाकृती शेजारी ठेवल्या की एक निकष हाती येतो. सामान किती टाकले, यापेक्षा ते कोणाच्या हाताने टाकले गेले याला महत्त्व आहे. जोड कुटुंबातील आईने गरजेपोटी, पण स्वतःच्या हाताने टाकले. तिचे दुःख उरले, मान गेला नाही. फर्नने सवडीने टाकले आणि ती मोकळी झाली. टेसीचे मात्र दुसऱ्याने टाकले. तिच्या वाट्याला समेट आला, न्याय आला नाही. या तिघींत टेसीच सर्वांत सुखवस्तू आहे, आणि तिच्याच दुःखाकडे पाहून आपण सर्वाधिक हसतो, हे विसरता कामा नये.

जुनी घरे मोडून सदनिकेत जाणारी कुटुंबे आम्ही आमच्या धर्मग्रामात पाहतो. आजीचा पाटा 'कशाला हवा?' असे म्हणून कोणी तरी बाहेर ठेवतो, आणि म्हातारी काही बोलत नाही. तो पाटा सदनिकेत खरोखरच मावत नसेल. पण तो उचलण्यापूर्वी तिला एकदा विचारावे. सात दशकांपूर्वीच्या या विनोदी चित्रपटाने नकळत शिकवलेली गोष्ट आम्हांस तरी हीच वाटते.