रॉबिन हुड : कालप्रवासी किशोरकादंबऱ्यांतील

इंग्लंडमधील मध्ययुगीन दंतकथेचा नायक रॉबिन हुड याच्या कथेला आधुनिक मुलांच्या कालप्रवासाची चौकट देऊन काही किशोरकादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत. एडवर्ड ईगर या अमेरिकन लेखकाची नाइट्स कासल (१९५६) आणि मायकेल मॉर्पर्गो या इंग्रज लेखकाची रॉबिन ऑफ शरवुड (१९९६) या त्यांतील विशेष लक्षणीय होत. कालप्रवासाच्या कथेस पोहोचण्यासाठी एक निश्चित काळ लागतो. रॉबिन हुडला तसा काळच नाही. ही अडचण लेखक कशी सोडवितो, यावर अशा कादंबरीचे यशापयश बव्हंशी अवलंबून असते.

पिअर्स प्लाउमन (सु. १३७७) या काव्यातील एका आळशी धर्मोपदेशकाला प्रार्थना पाठ नसते, रॉबिन हुडची गाणी मात्र येत असतात. या नायकाचा वाङ्मयातील पहिला ज्ञात उल्लेख तो हाच. ए गेस्ट ऑफ रॉबिन हुड या सु. १५०० च्या मुद्रित कथागीतात तो सरदार नसून ‘योमन’ म्हणजे मधल्या थरातील स्वतंत्र माणूस आहे. त्याचा वावर मुख्यतः यॉर्कशरमधील बार्न्झडेल येथे असून राजाचे नाव एडवर्ड आहे. त्यात मॅरियनही नाही. रॉबिनला पहिल्या रिचर्डच्या काळात नेले ते जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकाराने १५२१ मध्ये, त्याला उमराव केले ते अँथनी मंडे याच्या १५९८ मधील नाटकांनी, आणि सॅक्सन-नॉर्मन वैराची पार्श्वभूमी दिली ती सर वॉल्टर स्कॉटच्या आयव्हॅन्हो (१८१९) या कादंबरीने. न्यायालयीन कागदपत्रांत १२२६ मध्ये यॉर्क येथे रॉबर्ट हॉड नावाच्या एका फरारी इसमाची नोंद आढळते; पण १२६२ मध्ये बर्कशरमधील दुसऱ्याच एका फरारी माणसाला ‘रॉबहुड’ असे नाव लावलेले दिसते. म्हणजे तोवर हे नाव व्यक्तीचे न राहता फरारी माणसाचे टोपणनाव झाले असावे. तेव्हा कालप्रवासी मुलाला ‘रॉबिनच्या काळात’ पाठवायचे म्हणजे प्रत्यक्षात कोणत्या तरी लेखकाच्या काळात पाठवायचे.

ईगरने ही गोष्ट सरळ मान्य केली आहे आणि तीच त्याच्या विनोदाची जागा आहे. त्याची मुले बाराव्या शतकात जातच नाहीत. ती जातात एका खेळण्यातल्या किल्ल्यात, आणि तेथील जग स्कॉटच्या कादंबरीचे आहे. मुलांच्या बोलण्याने व लुडबुडीने स्कॉटचे कथानक भरकटते आणि ते मार्गी लावण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. रिबेकावर अन्याय झाला, ही स्कॉटच्या वाचकांची जुनी तक्रार येथे मुलांच्या तोंडी येते. कादंबरी हलकीफुलकी आहे. परंतु मुलांच्या वडिलांच्या आजारपणाची चिंता खेळामागे सतत असल्याने धैर्य हा विषय पोकळ राहत नाही. रॉबिन हुड मात्र तीत एक पाहुणा पात्र म्हणूनच उरतो.

मॉर्पर्गोचा मार्ग याच्या उलट आहे. प्रचंड वादळात उन्मळून पडलेल्या जुन्या ओक वृक्षाच्या मुळांशी आजच्या एका मुलाला बाणाचे टोक, शिंग आणि माणसाची कवटी सापडते. त्याची शुद्ध हरपते आणि रॉबिनची कथा सुरू होते. दंतकथेला हाडामांसाचा पुरावा देण्याची ही कल्पना प्रभावी आहे. रॉबिनची कबर परंपरेने दाखविली जाते ती शरवुडमध्ये नव्हे, तर यॉर्कशरमधील कर्कलीझ येथे. हे ठाऊक असणाऱ्या वाचकालाही त्या मुळांपाशी थबकावे लागते. रॉबिनचे साथीदार येथे रंगेल, हसरे वनवासी नाहीत. शरीरव्यंगामुळे किंवा वेगळ्या वर्णामुळे समाजाने हाकलून दिलेली ती माणसे असून मॅरियनही वर्णहीन (अल्बिनो) आहे. कायद्याने बहिष्कृत केलेला आणि समाजाने बहिष्कृत केलेला या दोहोंना लेखकाने एकत्र आणले, हे या कादंबरीचे खरे योगदान होय. जेफ्री ट्रीझ याने बोज अगेन्स्ट द बॅरन्स (१९३४) मध्ये रॉबिनला वर्गलढ्याचा नेता केले होते. मॉर्पर्गोची दृष्टी त्याहून कमी राजकीय, पण अधिक करुण आहे.

चौकटीचा उपयोग मात्र अपुरा वाटतो. रॉबिनची कथा सुरू होताच आजचा मुलगा जवळजवळ विरून जातो. तो काही बदलत नाही, कशाला विरोध करीत नाही आणि त्याच्या आजच्या ज्ञानाचा कोठे कस लागत नाही. तेआ बेकमन या डच लेखिकेच्या क्रूसेड इन जीन्स या इंग्रजी नावाने परिचित असलेल्या कादंबरीशी (१९७३) तुलना करता हे स्पष्ट होते. तिचा नायक डॉल्फ यंत्राच्या साहाय्याने १२१२ सालच्या तथाकथित बाल-धर्मयुद्धात जाऊन पोहोचतो आणि हजारो मुलांच्या अन्नाची व रोगनिवारणाची व्यवस्था करताना त्याला आपले विसावे शतक पणास लावावे लागते. तेथे साल निश्चित आहे, भूक खरी आहे. म्हणून प्रवाशाला काम आहे. मॉर्पर्गोचा रॉबिन नव्या माणसांत वावरतो, पण तो काळ पुन्हा रिचर्डचाच, म्हणजे मेजर आणि स्कॉट यांनी ठरवून दिलेला. जुन्या कथागीतांतील निनावी, राजाविषयी आदर बाळगणारा आणि मठाधिपतींना लुटणारा योमन या वाटेने कोणाच्याच भेटीस आलेला नाही. मायकेल फोरमनच्या चित्रांसह प्रथम निघालेली ही कादंबरी २०१२ मध्ये आउटलॉ : द स्टोरी ऑफ रॉबिन हुड या नावाने पुन्हा प्रसिद्ध झाली.