साखळी-स्थानांतरण कारक : संज्ञा, आशय व अध्यापन – एक चिकित्सा

नियंत्रित मुक्त मूलक बहुवारिकीकरण हा विषय पदव्युत्तर वर्गात बहुधा फळ्यावरील अभिक्रियाचक्रापासून सुरू होतो व तेथेच संपतो. प्रस्तुत लेखात त्यातील साखळी-स्थानांतरण कारकांच्या मांडणीची चिकित्सा करावयाची आहे. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावी ही चर्चा केवळ पुस्तकी राहत नाही. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुतास जी खळ दिली जाते, तीत स्टार्चबरोबर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलही वापरतात. ते व्हिनाइल अॅसिटेटच्या बहुवारिकापासून बनते. हे बहुवारिकीकरण सामान्यतः मिथेनॉलमध्ये होते आणि वाढत्या साखळीची क्रियाशीलता मिथेनॉलकडे जात असल्याने त्याच्या प्रमाणावर साखळीची लांबी, पर्यायाने खळीची श्यानता, ठरते.

असे असूनही १९४३ च्या मेयो समीकरणाच्या आधारे स्थानांतरण शिकविले जाते ते रेणुभार घटविणारा दोष म्हणून. त्यामुळे १९९८ मध्ये मेलबर्नच्या सीएसआयआरओ संस्थेत रिझार्डो, मोअॅड, थँग आदींनी मांडलेली 'राफ्ट' पद्धती विद्यार्थ्यास चमत्कार वाटते. वस्तुतः दोषच येथे साधन झाला आहे. मर्कॅप्टन एकदा साखळी तोडून खर्ची पडते. डायथायोएस्टर मात्र वाढत्या मूलकास गंधकयुक्त गटात काही काळ थोपवतो, दुसऱ्यास मोकळे करतो आणि साऱ्या साखळ्या पाळीपाळीने जवळजवळ सारख्या वाढतात. त्यांची संख्या मुख्यतः कारकाच्या मात्रेवरून ठरते.

खरी उणीव कारकाच्या निवडीच्या विवेचनात आहे. स्टायरीनला उत्तम मानवणारे डायथायोबेंझोएट व्हिनाइल अॅसिटेटमध्ये घातले, तर अभिक्रिया जवळजवळ थांबते. कारण हा मूलक अतिशय क्रियाशील असतो, म्हणून गंधकाशी जडला की सहजी सुटत नाही. तेथे झँथेट चालते. त्यातील ऑक्सिजन मधल्या मूलकाचे स्थैर्य कमी करतो. व्हिस्कोजच्या निमित्ताने झँथेट वस्त्रोद्योगाच्या विद्यार्थ्यास आधीच परिचित असते. तरी हा दुवा कोणी जोडत नाही, याचे नवल वाटते.

'जिवंत' ही संज्ञाही दिशाभूल करते. मूलकांचे परस्पर संयोग या पद्धतीत थांबत नाहीत, केवळ त्यांचा वाटा अल्प राहतो. आययूपॅकने २०१० मध्ये 'व्युत्क्रमी निष्क्रियीकरण' या अर्थाची संज्ञा सुचविली. मराठीत ती जड वाटली, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते तीच स्वीकारणे इष्ट.

मात्र उत्साहाला मर्यादा हवी. कारकातील गंधकामुळे बहुवारिकास रंग व वास येतो, शिवाय खर्चही वाढतो. खळीला साखळ्यांच्या इतक्या काटेकोर समानतेची गरजही नाही. तेथे मिथेनॉलचे प्रमाण पुरते. अध्यापनात मात्र स्टायरीनऐवजी व्हिनाइल अॅसिटेटपासून आरंभ केल्यास मेयोचे समीकरण, मिथेनॉल आणि झँथेट एकाच उदाहरणात शिकविता येतात.